रिकामी ओळ

१२ जून

आजपासून लिहून ठेवणार आहे. काम पुरं झालं की प्रत्येकाला आपण केलेलं तेवढंच आठवतं, आणि ज्यानं काहीच केलेलं नसतं त्याला सर्वांत जास्त आठवतं.

काल एक संगीत संयोजक घरी येऊन गेला. दाढी वाढलेली, पण बोलणं नीट. त्याच्या आईकडे बाळची जुनी कॅसेट होती म्हणे. बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाली लावतो आणि गिटार घेऊन एकटाच गातो, गात असे. लहान सभागृहं, पुस्तकांच्या दुकानाची माडी, ओळखीच्यांच्या बैठका. लोक डोळे पुसायचे आणि घरी जाऊन विसरायचे. आता हा मुलगा म्हणतो, त्यातली नऊ गाणी पूर्ण बँड घेऊन नव्यानं रेकॉर्ड करायची. ड्रम, बास, व्हायोलिन, कीबोर्ड, सगळं.

बाळ म्हणाला, "बघू."

मी म्हणाले, "बघू नाही. हो."

संयोजक बाळकडे पाहत राहिला. बाळनं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. पन्नाशी उलटली तरी त्याचं हो-नाही माझ्याकडेच जमा असतं. आई गेली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तेव्हापासूनची व्यवस्था आहे ही, आणि तिनं कुणाचं वाईट झालेलं नाही.

१५ जून

गाण्यांचे कागद तपासले. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मी जन्मभर मुद्रितं तपासली. चूक मला शोधावी लागत नाही, तीच डोळ्यांत खुपते. बाळची गाणी म्हणजे कच्चं मुद्रित. एका कडव्यात चार ओळी, दुसऱ्यात साडेतीन. कुठे मात्रा जास्त, कुठे मध्येच थांबतो, जणू कुणी दार वाजवलं. लाल शाईनं सगळं सरळ केलं.

नवव्या गाण्यात तर एक ओळ मुळातच नाही. शेवटच्या कडव्यात हे येतं:

उशीर झाला, ताट झाकून ठेवलंय,
आलीस तर बोल, नाहीतर राहू दे

आणि पुढे ओळभर नुसती गिटार. मग पहिली ओळ पुन्हा, आणि गाणं संपतं.

"इथं काय राहिलंय?" मी विचारलं.

"काही राहिलं नाही, ताई. तसंच आहे ते."

"तसंच म्हणजे? ओळ कुठं गेली?"

तो टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका नखानं खरवडत बसला. मी कागदावर प्रश्नचिन्ह करून ठेवलं.

२४ जून

पहिली तालीम. स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात आहे, वर दातांचा दवाखाना. दाताला ड्रिल लागलं की खाली सगळ्यांनी हात आवरायचे. बाहेर पायपुसणं, तिथं चपला काढायच्या, आत गालिचा. भिंतींना करडा फोम, बाटलीतलं पाणी कोमट.

ड्रम वाजवायला मुलगी आहे. बारीक कापलेले केस, तोंडात सतत च्युइंगम. आल्या आल्या मला म्हणाली, "मावशी, तुम्ही तिथं नका बसू, कान जातील."

"मी तुझी मावशी नाही."

"बरं मावशी."

बाळ गायला. दुसऱ्याच ओळीवर नेहमीसारखा थांबला आणि मनाला येईल तेव्हा पुढे निघाला. मला वाटलं, आता हे लोक वैतागून सामान आवरतील. तसं झालं नाही. दोनतीन वेळा ऐकून ड्रमवाली त्याच्याबरोबर थांबायला लागली आणि त्याच्याबरोबरच निघायला लागली. तिच्यामागे बासवाला, मग व्हायोलिन.

संयोजकानं विचारलं, "तुला कळतं कसं कधी येणार ते?"

"काकांचा डावा खांदा बघ ना. येण्याआधी जरा खाली पडतो."

सगळे हसले. बाळ लाजला. पुष्कळ वर्षांनी त्याला असा लाजलेला पाहिला. खरं लिहायचं तर ऐकायला वाईट वाटत नव्हतं. पण म्हणून काय झालं? एक माणूस विसरतो म्हणून पाच जणांनी त्याच्या खांद्याकडे बघत बसायचं, याला बँड म्हणत नाहीत. मी विचारलं, वेळ मोजणारं काही यंत्र नसतं का? संयोजक म्हणाला, असतं. क्लिक म्हणतात त्याला. हेडफोनमध्ये टकटक वाजत राहतं आणि सगळे त्यावर चालतात. "पण काकांच्या गाण्यांना ते लावू नये असं मला वाटतं, ताई."

"तुम्हाला वाटतं. त्याला विचारा."

त्यानं बाळला विचारलं. बाळ म्हणाला, "ताई म्हणते तसं."

"काका, तुम्हाला काय हवंय?" ड्रमवाली म्हणाली.

"ताईला गाण्यातलं कळतं," बाळ म्हणाला. ड्रमवालीनं च्युइंगमचा फुगा काढून फोडला. शिस्त नावाला नाही.

२ जुलै

घरी रोज सराव. मी मेट्रोनोम आणलाय, ठोके मोजणारं यंत्र. बाळला त्याच्याबरोबर चालता येत नाही. एक तर पुढे पळतो, नाहीतर मागे रेंगाळतो. लहानपणी पाढे म्हणतानाही असंच करायचा. तेव्हा पट्टी होती, आता पेन्सिल. टेबलावर वाजवते, बोटांवर नाही.

आज दुसरं गाणं सरळ होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी तो म्हणाला, "ताई, पाणी पिऊन येतो."

"कडवं पुरं कर, मग पी."

पुरं केलं. आवाज बसला होता, पण टक चुकला नाही. नंतर बराच वेळ बाल्कनीत उभा होता. मी चहा दिला तर म्हणाला, "गंमत माहितीये? थांबायचो तेव्हा पुढची ओळ आपोआप सापडायची. आता ती आधीच येऊन उभी असते."

"मग चांगलंच की," मी म्हणाले.

९ जुलै

आठ गाणी क्लिकवर बसली. ड्रमवाली तोंड वाकडं करून वाजवते, पण वाजवते.

नवव्या गाण्याशी आलो. संयोजकानं त्या रिकाम्या ओळीबद्दल विचारलं आणि बाळला काय झालं कोण जाणे, सांगतच सुटला. हे गाणं त्यानं त्याच्या बायकोवर लिहिलं होतं; ती संध्याकाळच्या पाळीला असायची आणि घरी यायला उशीर व्हायचा. पहिल्यांदा चारचौघांत गायला तेव्हा ती पुढच्या खुर्चीत बसली होती. 'आलीस तर बोल, नाहीतर राहू दे' असं म्हणून तो क्षणभर थांबला, तर ती बसल्या जागेवरून गायली:

"आले रे आले, चप्पल तरी काढू दे."

सगळे हसले, बाळसकट. म्हणाला, पुढे प्रत्येक वेळी ती तसंच म्हणायची. मंचावर कधी आली नाही, लोकांतूनच.

"मग कॅसेटमध्ये का नाहीये?" ड्रमवालीनं विचारलं.

मी सांगितलं. कॅसेटच्या वेळी ती आली होती, पण तिला सूर नाही. अर्धा सूर खाली गाते. शिवाय गाण्यात चप्पल. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? चूक छापून जाऊ देणं हे माझं काम कधीच नव्हतं.

पुढे ती गेलीच. घरात तिघं राहत होतो, तिला दोघांचं घर हवं होतं. मी तिला एकदाही जा म्हटलं नाही. कपाट कसं लावायचं, भाजी कशी चिरायची एवढंच सांगत होते, आणि तेही प्रेमानं. चिकाटी नाही काही माणसांत.

ड्रमवाली म्हणाली, "मग आता बोलवा ना त्यांना. एक ओळ तर आहे."

"ती कशाला येतेय," बाळ म्हणाला. कान लाल झाले होते.

१३ जुलै

संयोजकानं मला न विचारता तिला फोन केला. ती म्हणाली, बघते. रविवारी सुट्टी असते.

बाळनं नवा शर्ट आणलाय, फिक्या निळ्या रंगाचा. रेकॉर्डिंगसाठी, म्हणाला. रेकॉर्डिंगमध्ये शर्ट ऐकू येत नाही हे त्याला सांगितलं. आज दाढी दोनदा केली आणि हनुवटी कापून घेतली. वय झालं की हात थरथरतात.

मी ती ओळ लिहून काढली. चार दिवस विचार केला होता. मात्रा बरोबर, यमक बरोबर, भाषा शुद्ध:

स्मृतींच्या ओघात मजला वाहू दे

बाळनं वाचली. "छान आहे, ताई."

"मग ही गा."

"रविवारपर्यंत थांबू."

"किती वर्षं थांबणार आहेस?" मी विचारलं. मला म्हणायचं होतं, या एका ओळीपायी. तो म्हणाला, "रविवारपर्यंतच."

१९ जुलै, रविवार

सविस्तर लिहिते, कारण आज मोठं काम झालं.

सकाळपासून बाळ काचेतून दाराकडे बघत होता. एक टेक वाया, दुसरा वाया. ओळ आली की गप्प, आणि नजर दारावर. मी बाहेरच्या खोलीत आले, आतला आवाज सहन होत नव्हता. तेवढ्यात ती जिना उतरून आली. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. हातात छत्री. मला पाहून थबकली, मग पायपुसण्यावर एक चप्पल काढली.

"कशा आहात, वन्सं?" नातं संपलं, तरी जीभ सुटली नाही.

"बरी आहे. काम झालं ते."

"कसलं काम?"

"ती ओळ. बाळनं नवी ओळ घेतलीय. तुला फोन करायचा राहून गेला."

ती एका पायात चप्पल घालून उभी. आतून ड्रमचा दबलेला आवाज येत होता. "त्याला भेटून जाऊ?"

"त्यानंच सांगितलंय, तू आलीस तर मी सांगावं म्हणून. तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नाही. तुला माहीत आहे."

"त्यानं सांगितलं?"

"मी सांगतेय ना."

ती हसली. "हो. तुमच्या घरात दोन्ही एकच." काढलेली चप्पल पायात सरकवायला तिला वेळ लागला, बंद सापडत नव्हता. मी दिवा लावून दिला. जाताना म्हणाली, "त्याचा घसा सांभाळा. थंड पाणी पितो."

पायपुसण्यावर चिखल करून गेली. मी ते झटकलं. क्षणभर वाटलं, हाक मारावी. मग आत एवढी माणसं खोळंबली आहेत हे आठवलं.

ड्रमवाली बाहेर आली होती, सिगरेट ओढायला. जिन्याच्या पायथ्याशी दोघी समोरासमोर आल्या होत्या. ड्रमवालीनं बाजूला होऊन तिला वाट दिली होती.

मी आत गेले. बाळनं हेडफोन काढला. "ताई, कुणी आलं होतं का?"

"दातवाल्याचा पेशंट. मजला चुकला."

"हं."

अजून एक टेक घेतला. ओळीपाशी पुन्हा गप्प. गिटारवरचा हात चालू होता, तोंड जरा उघडं. मग डोळे मिटून म्हणाला, "द्या. ताईची ओळ द्या."

एका दमात गायला. टकावर टक. इतकं सरळ तो आयुष्यात गायला नव्हता. संयोजकानं पुन्हा ऐकवू का विचारलं, तर बाळ म्हणाला, "नको, झालं ते." निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि बाटलीभर पाणी प्यायला.

२३ जुलै

संयोजकाचा फोन. "ताई, त्या आल्या होत्या म्हणे रविवारी."

"कोण म्हणतं?"

"त्याच म्हणाल्या. मी विचारलं का आला नाहीत, तर म्हणाल्या, आले होते, काम झालं होतं." मग म्हणाला, "काकांना सांगायला हवं."

मी त्याला नीट समजावलं. सांगितलं तर बाळ पुन्हा कधी गाणार नाही, रेकॉर्ड अर्धवट राहील, तुमच्या एवढ्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी. तुम्हाला रेकॉर्ड हवी आहे की रडारड? तो म्हणाला, मिक्सिंगला बसतोय. शहाणा मुलगा आहे.

१४ ऑगस्ट

रेकॉर्ड बाहेर आली. एका ठिकाणी छापून आलंय: 'जुन्या गाण्यांत ऐकणाऱ्याला बसायला जागा होती, नव्यांत सगळं आधीच भरलेलं आहे.' मी कापून ठेवलं. भरलेलं आहे हे निदान एकाला तरी कळलं.

बाळ घरी गात नाही. गिटार पेटीत आहे. म्हटलं, सराव? तर म्हणाला, "लागत नाही आता. टक टक चालूच असते." हे मात्र खरं समाधान. इतक्या वर्षांची सवय मोडली.

महिनाअखेरीस सभागृहात कार्यक्रम ठरलाय.

२५ ऑगस्ट

तालीम. मंचावर बाळच्या दोन्ही कानांत घट्ट बसणारे इअरपीस असणार. त्यातून क्लिक आणि त्याचा स्वतःचा आवाज, बाकी काही नाही. घालून पाहिले तेव्हा मी त्याला मागून हाक मारली. वळला नाही. उत्तम वस्तू आहे.

निघताना ड्रमवाली माझ्यापाशी आली. "मावशी, एखादा जास्तीचा पास आहे का? माझ्या एका मावशीला यायचंय."

"तुला किती मावश्या आहेत?"

"कमी पडतात," ती म्हणाली. "आणि काकांना नका सांगू. त्यांना उगाच टेन्शन येईल, ओळखीचं कुणी असलं की."

मी शेवटच्या रांगेतला पास दिला. पुढच्या रांगा समीक्षकांना ठेवल्या आहेत. मुलगी अलीकडे जरा नरमली आहे.

३० ऑगस्ट

कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं. मी मागे, आवाजाच्या टेबलाशेजारी उभी होते. तिथून चुका बरोबर कळतात.

आठ गाणी घड्याळासारखी झाली. नवव्याला बाळनं डोळे मिटले. 'ताट झाकून ठेवलंय' आलं. 'आलीस तर बोल, नाहीतर राहू दे' आलं. आणि तिथे ड्रमवालीनं दोन्ही हात उचलून धरले. तालमीत नसलेली गोष्ट. तिच्याकडे बघत बासवालाही थांबला. सभागृहात एकदम शांत.

माझ्या डाव्या हाताला, शेवटच्या रांगेतून, आवाज आला.

"आले रे आले..."

तोच. तसाच अर्धा सूर खाली. मागच्या रांगांतले लोक वळून बघायला लागले, काही हसले, कुणीतरी 'वा' म्हणालं. पास मीच दिला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पण बाळ चुकला नाही. डोळे मिटलेले, कानांत टक टक. बरोबर टकावर त्यानं तोंड उघडलं आणि गायला: स्मृतींच्या ओघात मजला वाहू दे. पूर्ण आवाजात, तिच्या ओळीच्या वरून. तिचं 'चप्पल' अर्धंच राहिलं. ती उभी होती, मंचाकडे बघत. तो गातच होता. त्याचा चेहरा थेट तिच्याकडे होता, डोळे बंद आहेत हे इतक्या लांबून तिला दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही. मग ड्रमवालीनं घाईघाईनं हात खाली आणले आणि बँड पुन्हा सुरू झाला.

टाळ्या व्हायच्या आधीच शेवटच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी झाली. दार झुलत होतं.

मी आत गेले. ड्रमवाली मंचामागे लोखंडी पेटीवर बसली होती, काठ्या मांडीवर. मला वाटलं, आता ही सगळं बोलणार. काय बोलायचं ते मी मनात तयारही ठेवलं होतं.

बाळ कानांतले इअरपीस काढत आला. घामानं निथळलेला. "काय गं, शेवटी पायाखालची धडधड थांबली, हात का थांबला तुझा?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. डोळे भरून आले होते तिचे.

"आणि लोक का हसत होते?" बाळनं विचारलं. "डोळे उघडले तेव्हा दिसलं, ऐकू काही येत नाही यात."

"चुकले, काका," ती म्हणाली. "मी चुकले म्हणून हसले."

बाळनं इअरपीसची वायर नीट गुंडाळली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. एवढा नीटनेटका तो कधीच नव्हता.

"थांबू नये असं," तो तिला म्हणाला. "मोजत जावं."

आवाज त्याचा होता. पण मला क्षणभर वाटलं, मीच बोलले.